हीण

सेलमच्या बाजारात एकतीस वर्षं मी आग विकली.
भट्टी, मूस, चिमटा, टाकणखार.
सराफांच्या दुकानातला केरसुद्धा पोत्यानं विकत घ्यायचो,
जाळायचो, गाळायचो,
आणि राखेच्या तळाशी जोंधळ्याच्या दाण्याएवढं सोनं
डोळा उघडायचं.

म्हणून मिरजेच्या मगदूम डॉक्टरीणबाई
फोटोवर पेन टेकवून म्हणाल्या, “जाळून टाकू,”
तेव्हा मी पहिलं विचारलं,
“किती डिग्रीला?”

त्या थांबल्या. मग हसल्या.
“शंभराच्या अलीकडे.”

शंभर! एवढ्यात तर चहा होतो, बाई.

गाठ तीन सेंटिमीटरची. लिंबू म्हणा,
विट्याच्या बाजारातलं, टोपलीच्या तळाला उरलेलं.
दुसऱ्या कुणाचं असतं तर
सबंध मूत्रपिंड काढून मोकळे झाले असते.
माझ्याकडं एकच आहे.
दुसरं सतरा वर्षं झाली आटपाडीत असतं,
कमळाक्काच्या पोटात.
भाकरी थापतं, जावेशी भांडतं,
दिवाळीला मला लाडू पाठवतं.

तिला कळवू नका, म्हणालो घरी.

पालथं झोपवलं. मूस सारतात तसं
मशीनच्या तोंडात मला आत सारलं, बाहेर ओढलं.
श्वास घ्या. धरा. सोडा.
थंड बोळा, टोचणी,
मग बाईंचा आवाज, लांबून आल्यासारखा:
आतडं फार जवळ आहे, मध्ये पाणी सोडा.
पाटाला बांध घालावा तसा
माझ्याच पोटात त्यांनी पाण्याचा बांध घातला,
झळ शेजाऱ्याला लागू नये म्हणून.

हे मला पटलं.
माझ्या भट्टीची ठिणगी एकदा
शेजारच्या मुरुगेसनच्या लुंग्यांच्या गठ्ठ्यावर गेली होती.
बारा हजार भरले, आणि दोन वर्षं तो बोलला नाही.

मग काहीच नाही.
फुंकणी नाही, ज्वाळा नाही, वास नाही.
गुंगीत मी रंग शोधत होतो:
आधी लाल, मग केशरी,
मग ती हिरवट झाक, जी दिसली
की चिमटा उचलायचा असतो.
रंग आलाच नाही.

“झालं, हिंदुराव.”

पाठीवर चिकटपट्टी, जुन्या रुपयाएवढी.

गाठ बघू म्हणालो.
“आतच आहे. मेलेली.”
“काढली नाही?”
“काढायची नसते. राहू द्या. अंग बघून घेईल तिचं.”

रात्रभर वॉर्डातला पंखा मोजत पडलो.
जन्मभर हीण जाळलं ते बाहेर काढायला.
वर आलेलं कीट खरवडायचं, फेकायचं,
खाली चोख राहिलं की गिऱ्हाइकाच्या तोंडावर वजन करायचं.
आता हीणच आत, विझून,
माझ्याबरोबर कूस बदलतंय.
ह्याचं वजन कोण करणार?

सकाळी दारात कमळाक्का.
कुणी सांगितलं कोण जाणे, पहिल्या एसटीनं आली,
हातात डबा, पायांत दोन तऱ्हेच्या चपला.
रडली नाही.
पदराखाली स्वतःच्या ओटीपोटावर हात ठेवून म्हणाली,
“परत पाहिजे असलं तर सांग.
चांगलं ठेवलंय. वेळच्या वेळी पाणी देते.”

हसलो, तर सुईच्या जागी कळ आली.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच तोंडात आत-बाहेर.
शिरेतून औषध सोडलं, अंगभर ऊब पसरली.
पडद्यावर सगळं मूत्रपिंड उजळलं,
एक डाग तेवढा काळा.
“रंग चढला नाही तिथं,” बाई म्हणाल्या,
“रक्त जात नाही. हेच हवं होतं.
सहा महिन्यांनी या.”

एकतीस वर्षं रंग चढायची वाट बघणारा मी,
न चढलेल्या रंगाचा कागद घडी करून
खिशात घातला.

स्टँडसमोर अक्का बाकावर बसली होती.
दोन चहा सांगितले.
“शंभराच्या अलीकडे,” मी म्हणालो.
तिला काही कळलं नाही.
बशीत ओतून, फुंकर घालून
ती प्यायला लागली.