साडेनऊ हजार

बोहरी आळीच्या मागच्या बोळात,
बिजागऱ्या, कुलपं, नळाच्या तोट्या
यांच्या गर्दीत ते दुकान.
छर्ऱ्याचं पिस्तूल, साडेनऊ हजार,
पावती हवी तर वर जीएसटी.
मुर्तुझाभाई म्हणाले, "मुलासाठी ना, ताई?"
म्हटलं, "माझ्यासाठी."
मग त्यांनी चहा मागवला.

बावीस वर्षं भोसरीत इन्स्पेक्शनला आहे मी.
गो गेज आत गेला पाहिजे,
नो-गो जाता कामा नये,
एवढंच माझं धर्मशास्त्र.
तर ते उजेडात धरलं.
नळीच्या तोंडाशी बर राहिलेली,
मुठीच्या शिवणीवर प्लास्टिक बोचरं,
आणि ट्रिगर दोन किलोचा.
दोन किलो म्हणजे मंडईतून निघताना
एका बोटाला अडकवलेले कांदे.
रिक्षा मिळेपर्यंत बोटाला वळ.
आमच्याकडे असा पीस आला असता
तर मी मान वर न करता
लाल डबीत टाकला असता.

रेंज निगडीला.
मंगल कार्यालयाच्या वरचा मजला, पत्र्याचं छत,
खाली मुहूर्त असला की सनईच्या सुरात नेम धरायचा.
जाचक सर शिकवतात. नाव जाचक, माणूस मवाळ.
त्यांचं जर्मन पिस्तूल भाड्याने, तासाला दीडशे.
किंमत सव्वादोन लाख.
ते हातात घेण्याआधी मी अंगठी काढून ठेवते,
चरा पडला तर कुणाच्या पगारातून भरू?
सर म्हणाले, "स्वस्तातलं नका घेऊ.
नेम चुकला तर चूक तुमची की त्याची
हे कळणारच नाही कधी.
महागाचा एकच फायदा, सबब उरत नाही."

नाशिक फाट्याच्या सिग्नलला
नव्वद सेकंद हेच डोक्यात.
पॉइंट टू टूचं तर नावच काढलं नव्हतं.
त्याला लायसन्स, लायसन्सला कारण,
आणि साहेबांनी विचारलं, कशासाठी,
तर काय लिहू अर्जात?
संध्याकाळी सात ते आठ
मला कुणी काही विचारू नये, यासाठी?

घेतलं शेवटी.
रविवारी सरांना विचारून
टेबलाला वाइस लावला,
सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून पिस्तूल आवळलं,
ट्रिगरला दोरी.
पाच छर्रे. माझा हात कुठेच नाही.
पर्समधून व्हर्नियर काढला
(सर हसले, हसू देत)
आणि भोकांमधलं लांबातलं लांब अंतर मोजलं.
बारा मिलिमीटर.
मग वाइस सोडवला, उभी राहिले,
हात लांब केला, पाच छर्रे.
एक्याण्णव.

कागद बराच वेळ हातात होता.
बारा त्याचे.
वजाबाकी मला येते.
उरलेल्या एकोणऐंशीत काय काय होतं,
गुडघा होता, धरलेला श्वास होता,
सासऱ्यांच्या ऑक्सिजन मशीनची घरघर
मी इथवर कानात घेऊन आले होते,
आणि पिशवीतला फोन, बंद करूनही.
त्यातलं एकही मिलिमीटर
मुर्तुझाभाईंच्या दुकानातलं नव्हतं.

नवऱ्याने विचारलं, "वसूल होणार का गं पैसे?"
म्हटलं, "मी बारावर येईपर्यंत तरी
जर्मन लागणार नाही."
"म्हणजे कधी?"
कणीक मळत होते. उत्तर दिलं नाही.

बर मी काढली, मऊ कानशीने, दोन हात.
शिवणीवर पॉलिश पेपर मारला.
ट्रिगर मात्र तसाच ठेवलाय.
दोन किलो काही फार नाही,
उचलते त्यातलं ते हलकंच आहे.

काल पुन्हा गेले.
दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं,
दहा मीटरवरून मसुरीएवढं.
खाली मंगलाष्टकं चाललेली, शेवटचं कडवं,
भटजींचा आवाज फाटलेला.
मी हात उचलला, खाली आणला, थांबले.
पत्र्याखालून
"सावधान" आलं,
आणि मी श्वास
अर्धा सोडला.