येथे मोटर भरून मिळेल

एप्रिल लागला की कमाल चौकाच्या आतल्या गल्लीत
माझ्या पाटीखाली रांग लागते जळक्या मोटरींची.
कूलरचा पंप, कूलरचा पंखा, पुन्हा पंप.
वार्निशचा वास तुझ्या पोळ्यांनाही येतो,
लेक म्हणतो, आणि तरी चार खातो.

त्या रांगेत एकदा दोन गिटारी आल्या.

पोरगा इंदोऱ्याचा, ऑर्केस्ट्रात वाजवणारा, सुगत मेश्राम.
एक पोकळ, उन्हानं पोट तडकलेली,
ती बाजूच्या चैतराम सुताराकडे दिली.
दुसरी लाल, भरीव, पोळपाटासारखी जड.
तिच्यातून काढलेली काळी डबी
त्यानं माझ्या हातावर ठेवली.
"काकू, हे मुकं झालं. भरून देता का?"

उघडली तर आत माझंच सगळं:
चुंबकाचे सहा खिळे, भोवती तांब्याची तार,
फक्त केसाहून बारीक, आणि कुठेतरी आत तुटलेली.
म्हटलं, ही तर मोटरच आहे बे, उलटी!
माझ्या मोटरीला वीज द्या, ती फिरते.
हिच्यासमोर पोलादी तार हलवा,
चुंबकाचं निवांत बसलेलं बळ ढवळतं
आणि तांब्यात वीज उमटते,
मुंगीलाही झटका बसू नये इतकी.
नायलॉनची तार कितीही छेडा, हिला पत्ता नाही.
हिला हवा कळत नाही, लोखंड कळतं.

चैतराम तिकडे पोकळीत बल्ब सोडून बसलेला.
नखानं फळीवर टिचकी मारायची, कान द्यायचा, सरकायचं.
"तार एकटी काय करन बाई? हवेतून सुरीवानी निघून जाते.
हवा ढकलाले रुंद फळी पायजे.
तार घोडीले हलवते, घोडी फळीले, फळी हवेले.
आन पोटातली हवा, ते बी मंग डोलते."
मंग जोर कुठून आला?
"जोर बोटाचाच. लाकूड पदरचं काही टाकत नाही.
असलेलंच भराभर खर्चून टाकते,
म्हणून लवकर गप्प बी होते."

माझी डबी मात्र उधारीवर जगणारी.
तिची ती मुंगीएवढी वीज डब्यात जाते,
डबा भिंतीतून घसघशीत वीज ओढतो
आणि मुंगीच्या चालीनं चालवतो तिला.
शेवटी कागदाचा भोंगा, त्याच्या मुळाशी
पुन्हा वेटोळं, पुन्हा चुंबक,
ही आपली नेहमीची, सुलटी.

सात हजार वेढे.
तार तीनदा तुटली.
पाच हजार दोनशेवर लेकानं विचारलं, मीठ कुठाय,
आणि मी आकडा विसरले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सुगतनं डबा जोडला.
कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी घूंऽऽऽ.
हे काय?
"तुमचे कूलर, काकू."
गल्लीतली मी भरलेली मोटर न् मोटर
ती डबी ऐकत होती.
मग त्यानं एकच तार छेडली
आणि दुकानाचं शटर दातावर दात वाजवायला लागलं.

तेवढ्यात लाईट गेली.

सगळे कूलर एकदम बसले. घूं गेली.
सुगतची बोटं अजून चालूच,
लाल गिटार मच्छरदाणीबाहेरच्या डासाएवढी.
मग तोही थांबला.
मी अंधारात ओरडले, "चैतराम, मेणबत्ती आहे काऽ?"
आणि खिळ्याला टांगलेली, सरस वाळायला ठेवलेली
पोकळ गिटार
हात लागला नसताना
माझं 'का' तेवढं हळूच म्हणाली.

पोटावर तळवा ठेवला. गप्प झाली.
मग लाईट येईस्तोवर
मी तिला हाका मारत बसले:
पंप.
पंखा.
पंप.