अर्धा ग्रॅम

कीलुंगच्या त्या चढावर शाळा आहेत,
खाली लहानांची, वर मोठ्यांची,
आणि चढाच्या पायथ्याशी माझं गॅरेज.
त्सेंग पहिल्यांदा आला तेव्हा
अंगाला मासळीबाजारातल्या बर्फाचा वास,
मागच्या सीटवर दुसरीतली यू-हान,
दप्तर तिच्याहून मोठं.
"देवळाच्या वळणावर हिला धाप लागते," म्हणाला.
हिला म्हणजे स्कूटरला.

डावीकडचं झाकण उघडलं,
पट्टा बाजूला घेतला, पुली सोडवली,
सहा रोलर तळहातावर –
साडेसहा ग्रॅमचा एकेक.
म्हटलं, सहाचे घालू.
हलका रोलर उशिरा सरकतो,
इंजिनाला पोटभर ओरडू देतो,
तेवढ्यात चढ निघून जातो.
सपाटीला मात्र वेग मरेल, पेट्रोलही जास्त खाईल.
"सपाटी आहे कुठे आमच्या वाटेवर?"

पोरी वाढतात.
दोनेक वर्षांनी साडेपाच.
मग शाळेच्या बँडमधला ट्रॉम्बोन आला,
बापलेकीच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखा बसायला लागला.
पाच.
तिचं वजन चढत होतं, माझे रोलर उतरत होते,
आणि हा हिशेब
कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हता.

सोळाव्या वर्षी तिला जाड टायर हवं झालं,
मैत्रिणींच्या गाड्यांना होतं तसं.
मी समजावलं: चाक मोठं केलं
की गिअर लांबल्यासारखा होतो, सुटताना गाडी आळसावते,
आणि मीटर खोटं बोलायला लागतं.
ते शंभर सांगेल, तोवर एकशेचार झालेले असतील.
"म्हणजे बाबा आणखीच हळू चालवतायत असं वाटणार!"
ती हसली. बापानं पाकीट काढलं.
मी अजून अर्धा ग्रॅम कमी केला,
क्लचला कडक स्प्रिंग घातली.
त्यानंतर ती दोघं दिसायच्या आधी
ऐकू यायची.

परवा त्सेंग एकटाच आला.
रेनकोट निथळत होता, मागची सीट कोरडी राहील
अशी प्लास्टिकची पिशवी बांधलेली.
"आता उड्या मारते ही," म्हणाला.
"हिरवा दिवा लागला की मला न विचारता पुढे."
पोरगी तायचुंगला, दातांची डॉक्टर व्हायला.
ट्रॉम्बोन घरीच.

बिस्किटांच्या डब्यात त्याचे जुने रोलर होते,
का ठेवले होते कुणास ठाऊक.
एका बाजूनं झिजून सपाट झालेले.
असे परत घालता येत नाहीत, खाचेत अडकतात.
नवे घातले, साडेसहाचे.

"टायर? पहिल्या मापाचं लावू?"
त्यानं मान हलवली, नाही म्हणून,
आणि मीटर फडक्यानं पुसत बसला.
बावीस हजार तीनशे सहा.

जाड टायर लावल्या दिवसापासूनचे
शंभराला चार, शंभराला चार,
मी मनात मिळवत गेलो.
एवढं अंतर तो तिला घेऊन चढला होता
आणि ते कुठेच
नोंदलेलं नव्हतं.