अखत्यारीबाहेर

सोमवारच्या टपालात मेरेरिद प्यूचं पाकीट आलं,
जाडजूड, चिकटपट्टी दोनदा फिरवलेली,
कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग.
आत दोन अर्ज.
पहिला: नान्तोरवेनची सत्तावीस नंबरची बस बंद करू नका.
दुसरा: आमच्या खोऱ्यातल्या कारखान्यातून
जे सुटे भाग परदेशी जातात
त्यांची बिनमाणसांची विमानं होतात.
ती कुठे पडतात ते आम्ही बातम्यांत पाहिलं.
थांबवा.

मी कार्डिफला, संसदेच्या याचिका विभागात कारकून.
सह्या मोजतो, पत्ते पडताळतो,
एका कुत्र्याची सही होती, निळ्या शाईत पंजा,
ती वगळली.
(आमचे आजोबा याच धक्क्यावर बोटीत कोळसा भरायचे.
खलाशांच्या पगाराच्या एका जुन्या अर्जावर
त्यांचा अंगठा आहे म्हणतात.
मी शोधला नाही. सापडला नाही तर काय, म्हणून.)

बसला तीनशे अकरा सह्या.
कारखान्याला चौसष्ट.
अडीचशेच्या खाली समिती बघत नाही, असा नियम,
आणि एरवी मी तिथेच थांबलो असतो.
पण दोन्ही याद्या टेबलावर शेजारी पडल्या होत्या
आणि एक्केचाळीस नावं दोन्हीकडे होती.
नकाशा काढून पाहिला.
सत्तावीस नंबर सकाळी सहा चाळीसला सुटते.
शेवटचा थांबा: कारखाना, फाटक क्रमांक दोन.

दुसऱ्या यादीत, पान तीन,
माक्सेन प्यू अशी सही.
खोडलेली, इतकी की कागद फाटलाय.
आणि खाली, पेन बदलून, पुन्हा माक्सेन प्यू.
खोडलेली धरायची नाही, दुबार धरायची नाही,
हे दोन्ही नियम मला पाठ आहेत.
ही कुठली, ते नियमात नाही.
मी धरली.

बसवर समिती अकरा मिनिटं बोलली.
कंपनीला पत्र गेलं. मार्चपर्यंत तीन फेऱ्या राहतील.
दुसऱ्या अर्जाला उत्तर मी लिहिलं, दोन भाषांत, रीतसर:
सह्या अपुऱ्या; शिवाय संरक्षण आणि परदेशी व्यापार
हे विषय या सभागृहाच्या अखत्यारीत येत नाहीत,
आपण लंडनला लिहावे.
वेल्शमध्ये तेच वाक्य एका शब्दाने आखूड होतं.
तेवढीच सवलत.

गुरुवारी ती स्वतः आली.
एक बस, दोन गाड्या, पायांत बागेतले बूट.
लाकडी छताकडे बघत म्हणाली, छान आहे, गळत नाही ना?
मग पत्र उघडून बोट ठेवलं.
"मिस्टर वारसामे, अखत्यार म्हणजे किती मैल?"
मी म्हटलं, तसं मोजत नाहीत.
"बस कुठवर जाते ते तुम्हाला विचारता येतं.
उतरलेली माणसं दिवसभर काय बनवतात, ते नाही?"
मी गप्प.
"माझा मुलगा जातो तीतून," ती म्हणाली.
"ती बस नसली तर त्याची नोकरी जाईल.
बस मीच मागितली. दोन्ही मीच मागितलं.
तुम्हाला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही."
मला तसं वाटलं नव्हतं.
मला वाटलं होतं, हा देशात आलेला पहिला अर्ज
जो पुरता खरा आहे.
पण शेऱ्याच्या रकान्यात ते बसत नाही.
मी तिला लंडनचा पत्ता लिहून दिला,
मोठ्या अक्षरात.
तिने चष्मा न लावता घडी घातली.

एप्रिलमध्ये एक पाकीट आलं.
पत्र नाही, सही नाही,
नुसतं नवं वेळापत्रक.
सहा चाळीसच्या खाली पेन्सिलीची रेघ.
आवक क्रमांक घातला.
विषय: असं छापलंय पुढे.
तो रकाना अजून कोराच आहे.