नको, बेडा

तुझं नाव इथं लिहीत नाही.
कोर्टानंही ते झाकून ठेवलंय,
फाइलीवर नुसतं एक अक्षर.
मला त्या अक्षराचाही राग येतो.

निपाणीहून तू आलीस तेव्हा
बेळगुंदीत रताळ्यांची काढणी चाललेली,
दारात पोती, हातांना लाल माती,
आणि काय बोलावं ते न सुचणारी मी.
नागोजीची बायको विचारून गेली, "शाळा का सोडली गं हिनं?"
म्हटलं, सोडली नाही. बदलली.

कडी मी आतून लावली की तू उठून बसायचीस,
उघडी ठेवली तरी बसायचीस.
शेवटी सुतार बोलावला,
कडी तुझ्या खाटेपाशी, तुझ्या हाताला येईल अशी बसवली.
लावायची की काढायची, तू बघ.

मंगळवारी लाल बस, सरकारी दवाखाना.
हिरेमठ मॅडमना मराठी अर्धंमुर्धं,
तुला कन्नड शाळेपुरतं.
मी बाहेर बाकड्यावर.
पाच मंगळवार भिंतीपलीकडनं काही आलं नाही.
सहाव्याला एक शब्द आला,
बेडा.
मग पुन्हा, मोठ्यानं, बेडा.

परतताना तू खिडकीला सांगितलंस,
मला नव्हे,
"नको म्हटलेलं मी. कितींदा म्हटलेलं.
तो शब्द वापरून संपला.
हा कोरा आहे."

आमच्याकडं पाट्यांवरून भाषा भांडतात,
बशींना काळं फासतात.
मीही मोर्च्यात घसा फोडलाय, एकीच्याच बाजूनं.
त्या रात्री भांडी घासताना
दुसरीला गुपचूप हात जोडले.

मग मी सगळंच विचारायला लागले.
चहा? दिवा घालवू? डोक्याला तेल लावू?
तू म्हणायचीस बेडा,
आणि मी तेलाची वाटी घेऊन तशीच मागं फिरायचे.
शेजारी म्हणाले, लाडावून ठेवलीस पोरगी.
असू दे.

साक्षीची तारीख अजून पडायचीय.
तू अजून बसमध्ये कडेलाच बसतेस,
काही रात्री कडी चारदा वाजते.

काल आमटी जरा गोड झाली.
मी पळी पुढं केली,
तू ताटावर हात आडवा धरलास,
"नको, मावशी."

पळी तिथंच थांबली.
एक थेंब तुझ्या मनगटावर सांडला,
तू तो चाटलास
आणि जेवत राहिलीस.