बाण

डुलुथला नोव्हेंबर लागला, तळ्यावरून वारा सुटला,
आणि त्याच आठवड्यात
बोलिंगचा जुना हॉल मोडीत निघाला.
बारा लेन. एकेक साठ फुटांची.
मालकाची मुलगी म्हणाली,
जाळायची ती न्या, विकायची ती न्या,
शनिवारपर्यंत जमीन मोकळी करा म्हणजे झालं.

आम्ही सहा जण गेलो, संस्थेचा ट्रक घेऊन.
त्यात आर्व्हिड कोस्केला, वय त्र्याहत्तर,
उभा जन्म जहाजांत लोहखनिज भरण्यात गेलेला.
तो लेनवर बूट घालून चढेना.
मोजे घालून चालला, शेवटपर्यंत,
पिना नव्हत्या तिथवर.

मेपलच्या पट्ट्या, कुशीला कुशी लावून ठोकलेल्या.
खिळे सगळे पोटात.
पहिल्याच दिवशी करवतीचे तीन दात गेले.
आर्व्हिड म्हणाला, लाकूड बोलत नाही,
पण खोटंही बोलत नाही. मग चुंबक घेऊन
गुडघ्यांवर बसला, आणि बोटभर बोटभर
खिळे ऐकत गेला.

घर फिरलं की वासेही फिरतात, असं आमच्यात म्हणतात,
वाईट अर्थाने.
इथे वासे फिरतात ते पत्ता विचारत:
कुणाच्या स्वयंपाकघराची कपाटं,
कुणाच्या शाळेची बाकं, बुडाला वाळलेलं च्युइंगगम,
चर्चचा एक दरवाजा, ज्याला आता चर्च नाही.
लव्हॉन चिठ्ठ्या लिहिते, चाळीस डॉलर, पंचाण्णव,
आणि त्या पैशांची
टेकडीच्या पायथ्याशी एक इमारत उभी राहते,
भाडं पगाराच्या आत ठेवणारी.
सावकाश राहते. मागच्या वर्षी फक्त जिना झाला.

लेनवरचे ते बाण,
गडद लाकडाचे, नेम धरायला बसवलेले,
आर्व्हिडने तसेच ठेवले.
एक वकीलीणबाई आल्या, टेबल आवडलं,
म्हणाल्या, बाण तेवढे घासून काढाल का?
तो म्हणाला, नाही.
लव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं,
दोनशे ऐंशी डॉलर दारातून परत निघाले होते.
तो म्हणाला, नाही म्हणजे नाही, आणि कॉफी ओतून घेतली.

सात नंबरची लेन त्याने सर्वांत शेवटी कापली.
का, ते कुणी विचारलं नाही.
लव्हॉनला ठाऊक होतं बहुतेक:
गुरुवारी संध्याकाळी, कितीतरी वर्षं,
तिथे एक बाई चेंडू सोडायच्या आधी
डावा पाय किंचित मागे ओढायची.
लाकडावर त्या जागी एक फिकट घासलेला डाग आहे,
तळव्याएवढा.
असेल तिचा. किंवा शंभर जणांचा.

मराठीत दान पडतं, आणि दान देतातही.
फासे टाकायला आणि हात मोकळा करायला
एकच शब्द का, हे मला त्या दुपारी
थोडं कळल्यासारखं वाटलं,
मग ट्रक भरायचा होता.

सात नंबरचं टेबल विकायला ठेवलंच नाही त्याने.
विकतही घेतलं नाही. म्हणाला,
घरात ठेवलं तर मी त्यावर जेवणार नाही, नुसता बसेन.
ते गेलं नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
मार्सी डिफोकडे, जी रात्रपाळीत
इस्पितळाच्या चादरी धुते.
जिन्यात एकदा अडकलं. आर्व्हिड मागच्या बाजूला होता,
फिनिश भाषेत काहीतरी बोलला,
आम्ही भाषांतर मागितलं नाही.

खोलीत अजून रंगाचा वास, आणि एकच खुर्ची.
मार्सीने विचारलं, बाण कुठल्या दिशेला ठेवायचे?
आम्ही सगळे गप्प. असल्या गोष्टीचा
नियम कुणाला माहीत असतो?
आर्व्हिड खिडकीकडे बघत होता,
तळ्याकडे, जिथे जहाज धूर सोडत उभं होतं.

मार्सीच्या मुलाने, वय पाच, समोरचा दात पडलेला,
दोन्ही हात लावून टेबल फिरवलं.
सगळेच्या सगळे बाण फ्रिजकडे.

आर्व्हिड वाकला, एक डोळा मिटला,
नेम पाहिला.
म्हणाला, बरोबर आहे.