सतरा दिवसांची शिलाई

पट्टा एकच होता, निळा-पांढरा, रेशमी.
आधीच्या जनरलची ढेरी सुटलेली;
होनोरातो आर्गेता पडला काटकुळा,
उभा जन्म नीळ तोलण्यात गेलेला,
नखांच्या कडा अजून निळ्याच.
मी पट्टा चार बोटं आत घेतला.
टाचण्या ओठांत धरून विचारलं, आवळतोय का?
"सध्या नाही," म्हणाला.

सतरा दिवस.
पहिले नऊ खजिन्याची किल्ली शोधण्यात गेले.
सलामीच्या तोफांची दारू ओली निघाली.
त्याच्या सहीचं फर्मान एकच:
खेचरावर अडीच मणांहून जास्त ओझं लादू नये.
बाजार पोट धरधरून हसला.
खेचरं हसली नाहीत.

अठराव्या पहाटे ज्वालामुखीच्या अंगाने
बंदुका वाजत आल्या.
मी तोर्तिया थापत होते, दार उघडं टाकून.
तो सरहद्दीकडे निघालेला,
खेचरावर बायको, ट्रंक, भिंतीवरचं मोठं घड्याळ.
चढणीच्या तोंडाशी थांबला,
ओठ हलवत काहीतरी हिशेब केला,
घड्याळ उतरवून माझ्या उंबऱ्याशी ठेवलं
आणि लगाम धरून पायी चालू लागला.

दुपारी शिपाई पट्टा टाकून गेला:
नवे साहेब धिप्पाड आहेत, उद्या सकाळी हवाय.
मी टाके उसवले.
सुईची भोकं बुजेनात.
आतल्या बाजूला, काखेपाशी,
पांढऱ्या रेशमावर एका बोटाचा निळा ठसा.

धुवायला वेळ नव्हता, असं सांगणार होते.
कोणी विचारलंच नाही.